पार्सलने आलेली कोंबडीची अंडी घरच्या इनक्युबेटरमध्ये कशी उबवावीत

घरच्याच कोंबडीने काल घातलेली अंडी आणि दुरून पार्सलने आलेली अंडी एकाच इनक्युबेटरमध्ये, एकाच तापमानाला ठेवली, तरी दोन्हींचा निकाल सारखा लागत नाही. ताज्या फलित अंड्यांपैकी बहुतेकांतून पिल्ले निघावीत, अशी अपेक्षा रास्त असते. प्रवास करून आलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतून पिल्ले निघाली, तरी अनुभवी मंडळी ती खेप चांगली मानतात. या फरकाचे कारण इनक्युबेटरमध्ये नसते, ते वाटेत घडून गेलेले असते. वाटेत झालेले नुकसान कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही, परंतु पुढच्या एकवीस दिवसांत त्यात भर पडू न देणे हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. अशा अंड्यांची उबवणी मुख्यतः तीन निर्णयांवर ठरते, असे माझे मत आहे: अंडी आल्यावर त्यांना किती विश्रांती द्यावी, पहिल्या आठवड्यात ती किती आणि कशी हलवावीत, आणि आर्द्रता कशाच्या आधारे ठरवावी. बाकीची कामे सर्वच अंड्यांसाठी सारखी असल्याने ती थोडक्यात सांगितली आहेत.

प्रवासात अंड्याचे काय होते

कोंबडीच्या शरीरातून बाहेर पडते तेव्हा अंडे तिच्या शरीराइतकेच गरम, म्हणजे साधारण 41 अंश सेल्सिअस असते. ते थंड होताना आतला द्रव आकसतो, कवचाला आतून लागून असलेली दोन पातळ आवरणे बोथट टोकाशी एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. हीच हवेची पोकळी. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू पहिला श्वास याच पोकळीतल्या हवेतून घेते, म्हणून ती जागेवर आणि पक्की असणे फार महत्त्वाचे असते. वाहनाच्या सततच्या थरथरीने आणि पेटी आदळण्याने ही दोन आवरणे ठरल्यापेक्षा जास्त सुटत जातात. मग पोकळी एका बाजूने खाली ओघळते, किंवा हवा आतल्या आत फिरू लागते. काही अंड्यांत आतले आवरणच फाटते, आणि हवेचा बुडबुडा पांढऱ्या बलकात मोकळा सुटतो.

दुसरे नुकसान तापमानाचे असते. घातलेल्या फलित अंड्यात हजारो पेशींची एक चकती आधीच तयार असते आणि ती थंडाव्यात वाढ थांबवून स्वस्थ राहते. साठवणीसाठी 13 ते 18 अंश हे तापमान योग्य ठरते ते यामुळेच. बंद वाहनात किंवा उन्हात ठेवलेल्या पेटीत तापमान पंचविशीच्या पुढे गेले, की ही वाढ अर्धवट सुरू होते; नंतर गारवा आला की ती थांबते. असे दोन-तीनदा घडले, तर भ्रूण अशक्त होतो आणि उबवणीच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच दगावतो. टॉर्चच्या उजेडात आत पाहणाऱ्याला ते अंडे निष्फळ वाटते आणि पाठवणाऱ्याच्या कोंबड्याला उगाचच दोष दिला जातो.

तिसरी गोष्ट वयाची. सात दिवसांपर्यंतची अंडी उत्तम समजावीत. त्यानंतर दर दिवशी पिल्लू निघण्याची शक्यता कमी होत जाते, आणि या सात दिवसांत प्रवासाचे दिवसही धरायचे असतात.

मागवण्यापूर्वी

पाठवणाऱ्याला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. अंडी कोणत्या दिवशीची आहेत, ती कोणत्या तापमानाला साठवली जातात, प्रत्येक अंडे वेगळे गुंडाळले जाते का, निमुळते टोक खाली ठेवून भरली जातात का, आणि त्याच कळपातली अंडी त्याने स्वतः अलीकडे उबवली तेव्हा काय निकाल लागला. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. कळपाची फलनक्षमता त्यातूनच कळते. कळपाच्या आरोग्याची चौकशीही टाळू नये, कारण पुलोरम आणि मायकोप्लाझ्मासारखे काही रोग अंड्यातून थेट पिल्लात उतरतात आणि एकदा का घरच्या कळपात शिरले, की ते निपटून काढणे अतिशय कठीण होते. कडक उन्हाळा आणि गोठवणारी थंडी हे दोन्ही काळ टाळावेत. जेवढी पिल्ले हवी असतील त्याच्या दुप्पट अंडी मागवावीत, कारण दोन-तीन पिल्लांसाठी तीनच अंडी मागवणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

यंत्राची तयारी

अंडी निघाल्याची वार्ता कळताच इनक्युबेटर चालू करावा आणि ती येईपर्यंत निदान चोवीस तास, शक्य असल्यास दोन दिवस, तो रिकामाच चालू ठेवावा. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 अंश फॅरनहाइट ठेवावे. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर आणि थंड हवा खाली राहते. म्हणून थर्मामीटरचे टोक अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर धरून तेथे 38.3 ते 38.9 अंश, म्हणजे 101 ते 102 फॅरनहाइट ठेवावे लागते. दुरून आलेल्या अंड्यांसाठी मी पंख्याच्या यंत्रालाच प्राधान्य देईन, कारण ही अंडी उभी ठेवायची असतात आणि पंखा नसेल तर उभ्या अंड्याच्या वरच्या व खालच्या टोकांच्या तापमानात बराच फरक पडतो.

यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा खरा मानून चालू नये. तापमान पडताळण्यासाठी ताप मोजण्याचा साधा थर्मामीटर चांगला उपयोगी पडतो, कारण त्याची मोजपट्टी नेमकी याच तापमानाच्या आसपासची असते. कोमट पाण्याच्या भांड्यात तो आणि इनक्युबेटरचा वेगळा थर्मामीटर शेजारी शेजारी धरून फरक टिपून ठेवावा. आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच थेंब पाणी घालावे, मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवावेत. अशा पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. उपकरणाने 70 दाखवले, तर ते पाच टक्के कमी दाखवते असे समजून पुढे तेवढी भर घालावी. स्वस्त हायग्रोमीटरमध्ये पाच-दहा टक्क्यांची चूक सर्रास आढळते आणि ती चूक पूर्ण खेप वाया घालवू शकते, म्हणून ही परीक्षा टाळू नये.

यंत्र थेट ऊन, खिडकीचा वारा आणि स्वयंपाकाची आच यांपासून दूर, तापमान फारसे खाली-वर न होणाऱ्या खोलीत असावे.

पेटी उघडल्यानंतर

पेटी लगेच उघडावी, मात्र अंडी झटकन उचलू नयेत. प्रत्येक अंडे दोन बोटांत हलके धरून आवरण काढावे आणि बोथट टोक वर ठेवून ट्रेमध्ये उभे करावे. एखादे फुटून शेजारच्या अंड्यांवर ओघळले असेल, तर थोडेसे लागलेली अंडी कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावीत आणि पूर्ण माखलेली काढून टाकावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुण्याने तो निघून जातो आणि जंतूंना आत जायला वाट मिळते.

त्यानंतर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने क्रमांक लिहावा. शाई वापरू नये. प्रत्येकाचे वजन करून वहीत नोंदवावे, शक्य तर 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर. मग खोली अंधारी करून अंड्याच्या बोथट टोकाला प्रखर टॉर्च लावून आत पाहावे. केसासारख्या बारीक चिरा उजेडात पांढऱ्या रेषेसारख्या चमकतात. अशा अंड्याची चीर मेणाने बंद करून ते ठेवता येते, पण अंडी पुरेशी असतील तर न ठेवणेच बरे.

याच वेळी हवेची पोकळी नीट पाहायची. अंडे उभे धरावे, टॉर्च वरून लावावा आणि ते अगदी सावकाश थोडेसे कलते करावे. पोकळी शाबूत असेल, तर तिची कडा स्पष्ट गोल दिसते आणि अंडे कलते केले तरी ती कवचाला चिकटून जागीच राहते. ओघळलेली पोकळी खोगिरासारखी दिसते, म्हणजे एका किंवा दोन्ही बाजूंनी तिची कडा खाली उतरलेली असते, पण तीही हलत नाही. सुटलेली पोकळी मात्र अंडे कलते केले की गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्याप्रमाणे वरच्या बाजूला सरकते. आणि सर्वांत वाईट अवस्थेत एकाऐवजी बारीक बुडबुड्यांचा फेस दिसतो, जो अंड्यात कुठेही फिरतो. पोकळीची कडा पेन्सिलने कवचावर आखावी आणि क्रमांकापुढे तिची अवस्था वहीत लिहावी. हे करताना अंडे आडवे-तिडवे फिरवून खात्री करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण प्रत्येक तपासणी म्हणजे त्या आवरणावर पडणारा आणखी एक ताण असतो.

फेसाळ अंडी वगळता बाकी सर्व अंड्यांना संधी द्यावी. ओघळलेल्या पोकळीच्या अंड्यांतून पिल्ले निघतात, सुटलेल्या पोकळीच्या अंड्यांतूनही काही निघतात.

विश्रांती

तपासणी झाल्यावर अंडी निमुळते टोक खाली ठेवून, गार पण फ्रिजइतक्या थंड नसलेल्या जागी, 12 ते 24 तास स्थिर ठेवावीत. या काळात ढवळलेला पांढरा बलक निवळतो, पिवळा बलक मध्याशी परततो आणि सुटलेली हवा बोथट टोकाकडे येऊन थांबते. अंडी आठवड्यापेक्षा जुनी असतील तर बारा तास पुरे, ताजी असतील तर पूर्ण चोवीस तास द्यावेत. दोन-तीन दिवस विश्रांती देण्याचा सल्लाही काहीजण देतात, पण तेवढ्या काळात अंड्याचे वय वाढल्याने होणारा तोटा विश्रांतीच्या लाभापेक्षा मोठा ठरतो, असे मला वाटते.

शेवटचे काही तास अंडी इनक्युबेटरच्याच खोलीत आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. गार अंडे थेट उबदार, दमट यंत्रात ठेवले तर कवचावर दव धरते, आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत ओढले जाण्याची शक्यता असते.

पहिला आठवडा: फिरवावे की नाही

येथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि सर्वाधिक मतभेदही याच बाबतीत आहेत. अंडे फिरवण्याचा हेतू भ्रूण आवरणाला चिकटू नये आणि त्याच्या भोवतीचे रक्तवाहिन्यांचे जाळे सर्व दिशांना पसरावे हा असतो. या जाळ्याच्या वाढीचा काळ पहिल्या आठवड्यातच येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. त्या दिवसांत अंडे मुळीच फिरवले नाही, तर त्याचा परिणाम शेवटच्या आठवड्यात दिसतो. पिल्लू वाढते, पण अपुऱ्या जाळ्यामुळे मागे पडते आणि उशिरा दगावते. उलट, सुटलेली पोकळी पुन्हा चिकटण्यासाठी अंडे स्थिर असणे आवश्यक असते. म्हणून ‘दुरून आलेली अंडी आठवडाभर हलवू नयेत’ हा सरसकट नियम मला मान्य नाही, आणि ‘पहिल्या दिवसापासून नेहमीप्रमाणे फिरवावीत’ हाही नाही.

वहीतल्या नोंदी येथे कामी येतात. ज्या अंड्यांची पोकळी शाबूत आहे, ती पहिल्या दिवसापासून फिरवावीत. ओघळलेल्या पण न हलणाऱ्या पोकळीच्या अंड्यांना एक-दोन दिवस स्थिर ठेवावे. सुटलेल्या पोकळीच्या अंड्यांना तीन दिवस अजिबात हात लावू नये, आणि चौथ्या दिवसापासून हळूहळू कलते करण्यास सुरुवात करावी. तीन दिवसांनंतरही पोकळी चिकटली नसेल, तरीसुद्धा आणखी वाट पाहण्यापेक्षा कलते करणे सुरू करावे.

शाबूत पोकळी नसलेली अंडी आडवी लोळवायची नसतात, उभीच ठेवून कलती करायची असतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा तुकडा कापावा, प्रत्येक खळग्याच्या तळाला व बाजूंना हवा खेळण्यासाठी भोके पाडावीत आणि त्यात अंडी बोथट टोक वर ठेवून बसवावीत. ट्रेच्या एका कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, की सर्व अंडी एकदम एका बाजूला कलतात. पुढच्या वेळी ठोकळा समोरच्या कडेखाली जातो. पहिल्या दिवशी कल थोडा ठेवून नंतर तो दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंत वाढवावा. दिवसातून निदान तीनदा, आणि जमल्यास पाचदा, हे करावे. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे, की रात्रीचा लांब पल्ला दर दिवशी एकाच बाजूवर जात नाही. यंत्रात आपोआप लोळवणारी व्यवस्था असेल, तर ती या अंड्यांसाठी बंद ठेवावी. ट्रे सावकाश कलता करणारी व्यवस्था मात्र चालते.

दिवस मोजताना अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा आणि पूर्ण चोवीस तास झाल्यावर एक मोजावा, अन्यथा शेवटच्या टप्प्याची तयारी एक दिवस आधीच होते.

आर्द्रता वजनावरून ठरवावी

इनक्युबेटरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत पहिल्या अठरा दिवसांसाठी बहुधा 45 ते 50 टक्के आर्द्रता सुचवलेली असते. सुरुवातीला 40 ते 45 टक्के ठेवून पुढे अंड्यांनाच विचारावे, हे अधिक खात्रीचे असते. उबवणीत अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून सतत बाहेर जात असते आणि अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या सुमारे 11 ते 13 टक्के घट व्हावी लागते. घट कमी झाली तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्याने फुगलेले असते आणि पोकळीपर्यंत चोच नेताना गुदमरते. घट जास्त झाली तर आतले आवरण कोरडे व चिवट होते आणि पिल्लाला त्यातून सुटता येत नाही.

ताज्या अंड्यांत ही घट पोकळीच्या आकारावरून अदमासाने कळते. प्रवासातून आलेल्या अंड्यांत पोकळी मुळातच वेडीवाकडी असल्याने डोळ्यांवर विसंबता येत नाही, वजनच करावे लागते. हिशेब सोपा आहे. 60 ग्रॅमच्या अंड्यात 12 टक्के म्हणजे 7.2 ग्रॅम, अठरा दिवसांत वाटले तर दिवसाला 0.4 ग्रॅम. सातव्या दिवशी ते अंडे 57.2 ग्रॅमच्या आसपास असावे, चौदाव्या दिवशी 54.4 आणि अठराव्या दिवशी 52.8. बारीक काटा नसेल तर ट्रेसकट सर्व अंड्यांचे एकत्र वजन करून त्यातून ट्रेचे वजन वजा करावे: अशी बारा अंडी 720 ग्रॅमपासून सुरू होतील आणि सातव्या दिवशी 686 च्या जवळ असतील. मधे एखादे अंडे काढून टाकले, तर त्याचे सुरुवातीचे वजन एकूण बेरजेतून वजा करावे; प्रत्येकाचे वजन वेगवेगळे लिहून ठेवायला सांगितले ते यासाठी.

घट अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर पाण्याचे उघडे पृष्ठ वाढवावे, कमी असेल तर पाणी काढून घ्यावे. येथे भांड्याची खोली महत्त्वाची नसते, पसरटपणा महत्त्वाचा असतो. उथळ, रुंद भांडे खोल, अरुंद भांड्यापेक्षा हवा जास्त दमट करते. आर्द्रता कमी करण्यासाठी वा वाढवण्यासाठी हवेची भोके बंद करू नयेत. दुरून आलेल्या अंड्यांतले काही पाणी वाटेतच गेलेले असते, म्हणून मी 13 टक्क्यांपेक्षा 11-12 टक्क्यांच्या बाजूला राहणे पसंत करतो.

मधल्या तपासण्या

पांढऱ्या कवचाच्या अंड्यांत पाचव्या दिवशीच कोळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा आणि मधे एक गडद ठिपका दिसतो. तपकिरी कवचाच्या अंड्यांसाठी आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत थांबावे. शिरा सोडून नुसते लाल कडे दिसले, तर भ्रूण मरून रक्त कडेला सरकले आहे असे समजावे. पूर्ण स्वच्छ दिसणारे अंडे निष्फळ असेल किंवा अगदी सुरुवातीला दगावलेले असेल. शंका असेल ते अंडे चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावे, मात्र ज्याला वास येतो किंवा ज्याच्या कवचातून थेंब पाझरतो, ते ताबडतोब काढावे. आत वायू साठून असे अंडे फुटले, तर शेजारच्या सर्व अंड्यांवर जंतू उडतात. चौदाव्या दिवशी जिवंत अंड्याचा बहुतेक भाग काळा दिसतो आणि पोकळीच्या कडेला हालचाल जाणवते. या दोन तपासण्या पुरेशा आहेत.

वीज गेली तर झाकण उघडू नये, यंत्रावर जाड घोंगडी घालावी आणि हवेची भोके मोकळी ठेवावीत. काही तासांचा गारवा भ्रूण बहुधा सहन करतो, पिल्ले मात्र थोडी उशिरा निघतात. तापमान वाढणे त्याहून कितीतरी घातक असते. 40 अंशांच्या वरचा थोडा काळही पूर्ण खेप संपवू शकतो. म्हणून तापमान किंचित कमी दिसले म्हणून घाईने बटण फिरवण्यापेक्षा तासभर थांबून पुन्हा पाहावे.

अठरावा दिवस आणि पुढे

अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे, शेवटची तपासणी करून पोकळीची कडा नव्याने आखावी आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांपर्यंत न्यावी. हवेची भोके पूर्ण उघडावीत. पिल्ले फुप्फुसांनी श्वास घेऊ लागली की त्यांना जास्त प्राणवायू लागतो. शाबूत पोकळीची अंडी आडवी ठेवता येतात. पोकळी एका बाजूला ओघळलेली असेल, तर ती बाजू वर येईल अशा रीतीने अंडे ठेवावे, कारण पिल्लू बहुधा तेथेच चोच मारते. जी पोकळी शेवटपर्यंत सुटीच राहिली, ती अंडी ट्रेमध्ये उभीच राहू द्यावीत, म्हणजे हवा वरच्या टोकाशी टिकते.

पिल्लू प्रथम आतले आवरण भेदून पोकळीत चोच घालते. यावेळी बाहेरून काही दिसत नाही, पण कान जवळ नेला तर बारीक चिवचिव ऐकू येते. त्यानंतर साधारण चोवीस तासांत कवचावर एक लहानसा उंचवटा येतो, त्याच्या भोवती तारेसारखे तडे जातात आणि एक टवका उडतो. मग कित्येक तास काहीच घडत नाही. नवीन माणूस येथे घाबरतो. प्रत्यक्षात आत मोठे काम चाललेले असते: आवरणातल्या शिरांमधले रक्त पिल्लाच्या शरीरात परतत असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. हे पूर्ण झाले की पिल्लू बोथट टोकाकडून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरत कवच गोलाकार कापते आणि ढकलून बाहेर येते.

या काळात झाकण उघडू नये. टवका उडालेल्या अंड्यावर बाहेरची कोरडी हवा आली, की आतले ओलसर, अर्धपारदर्शक आवरण काही मिनिटांत पांढरे, कागदासारखे होते आणि पिल्लाला आवळून टाकते. आधी निघालेले ओले पिल्लू तेथेच सुकू द्यावे. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते, म्हणून ते काढण्याची घाई नसते.

दुरून आलेल्या अंड्यांत अडकलेली पिल्ले जास्त आढळतात, त्यामुळे मदत केव्हा करावी हे माहीत असले पाहिजे. टवका उडून पूर्ण चोवीस तास झाले, कापण्यास सुरुवात नाही, आणि आवरण तपकिरी किंवा पांढरे पडले आहे, अशा वेळीच हात घालावा. हात स्वच्छ धुवावेत, खोली उबदार असावी. टवक्याजवळचे कवच चिमट्याने थोडे थोडे काढून उघड्या आवरणाला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने ओलावा द्यावा. ओले झाल्यावर शिरा दिसतात. त्या लाल आणि भरलेल्या असतील, तर तेथेच थांबून अंडे परत ठेवावे आणि काही तासांनी पाहावे. रक्ताचा थेंब दिसला तरी तेच करावे. शिरा रिकाम्या असतील, तर पोकळीच्या कडेपर्यंतचे कवच काढून पिल्लाचे डोके मोकळे करावे आणि खालचा भाग तसाच राहू द्यावा, म्हणजे बलक पूर्ण शोषला गेल्यावर ते स्वतः बाहेर पडते.

पिल्ले पूर्ण सुकून फुलारली की त्यांना ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवावे. तेथे पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण 35 अंश तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावे. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे. पाण्याचे भांडे उथळ असावे.

न निघालेली अंडी

तेविसावा दिवस संपेपर्यंत वाट पाहावी, कारण या अंड्यांना एक-दोन दिवस उशीर होणे सामान्य आहे. त्यानंतर उरलेली अंडी मोकळ्या जागी, हातमोजे घालून फोडून पाहावीत आणि वहीत क्रमांकापुढे लिहावे. हे काम नकोसे वाटते, पण पुढची खेप यातूनच सुधारते. भ्रूण पहिल्या चार दिवसांतला असेल, तर दोष बहुधा प्रवासाचा, साठवणीचा किंवा अंड्याच्या वयाचा असतो. पूर्ण वाढलेले पिल्लू पोकळीत चोच न घालताच मेले असेल आणि आत पाणी साचलेले असेल, तर आर्द्रता जास्त होती. आवरण पिल्लाला चिकटून सुकलेले असेल, तर ती कमी पडली किंवा झाकण वारंवार उघडले गेले. शेवटच्या आठवड्यात सुटलेल्या पोकळीची अंडीच तेवढी दगावली असतील, तर कलते करण्याची सुरुवात एक दिवस अलीकडे आणून पाहावी.

हा तपशील पाठवणाऱ्यालाही कळवावा: किती अंडी तडकलेली आली, किती पोकळ्या सुटलेल्या होत्या, किती अंडी स्वच्छ निघाली आणि किती पिल्ले झाली. नुसती तक्रार ऐकून त्याला काही करता येत नाही; हे आकडे हाती आले, तर तो पुढच्या वेळी भरण्याची पद्धत, साठवणीची जागा किंवा पाठवण्याचा दिवस बदलू शकतो. दरम्यान इनक्युबेटरमधली लव आणि कवचाचे तुकडे काढून, तो जंतुनाशकाने पुसून पूर्ण कोरडा करून ठेवावा.